अल नस्रमधलं ब्युनोस आयरेस

मी ब्युनोस आयरेस पाहिलं आहे. पासपोर्टवर तसा शिक्का नाही, त्या बाजूच्या समुद्राचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही. तरी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, दोह्याच्या अल नस्र भागात, सलग तीन महिने.

आज ते पुन्हा आठवलं, कारण आज सकाळी इथे, त्याच फ्लॅटमध्ये, एसी बंद केला. इथला हिवाळा कॅलेंडरवरून कळत नाही, कानांनी कळतो. आठ-नऊ महिने घुमत असलेलं ते यंत्र एका सकाळी गप्प होतं आणि त्याच्याखाली दडपलेले सगळे आवाज हळूहळू वर येतात. खालच्या मल्याळी घरातली कुकरची शिट्टी, समोरच्या इजिप्शियन बाईंचा टीव्ही, कोणाच्या तरी बाळाचं रडणं, लांबची बांग. खिडकी उघडली की धुळीचा आणि जरासा समुद्राचा वास घेऊन हवा आत येते. ब्युनोस आयरेस म्हणजे ‘चांगली हवा’, असं मला तेव्हाच्या शेजारणीनं, ग्रासिएलानं, सांगितलं होतं. मी दोन्ही हात खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभी राहिले आणि चहा गार होऊ दिला.

मी मूळची संगमेश्वर तालुक्यातली. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथपाल म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर वाचत बसते. प्रत्यक्षात मी धूळ झटकते आणि पानं दुमडणाऱ्या सभासदांशी भांडते. माझा नवरा सुहास इथे हमद पोर्टवर क्रेन चालवतो. लिहिताना मी त्याला नावानं आणि एकेरी लिहिते, समोर मात्र अजून ‘अहो’च. आधी तो जयगडच्या बंदरावर होता, मग इकडे आला. लग्नाची पहिली अकरा वर्षं आम्ही एकत्र काढली, पुढची अकरा लांब. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना सोडून मी येणं शक्य नव्हतं. कारण इतकं सरळ होतं की त्याच्या आड आणखी काही आहे का, ते आम्ही दोघांनीही कधी पाहिलं नाही. मग सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध झालं. आता लांब राहायला काही कारणच उरलं नाही, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते. माझ्या व्हिसाचे कागद तिनंच केले. “आई, तीन महिने जा. राहून बघ. मग दोघं मिळून ठरवा काय ते,” असं तिनं मला स्टेशनवर सांगितलं. तिला ‘काय ते’ म्हणजे काय, हे चांगलं माहीत होतं. वाचनालयातून मी बिनपगारी रजा घेतली. फेब्रुवारीअखेरचं परतीचं तिकीट पर्समध्ये होतं, आणि त्या तिकिटावर परत जायचं ते सामान आवरायला की कायमचं, एवढंच ठरायचं होतं.

पहिल्या सकाळी मी सुहासला चहा दिला. तो म्हणाला, “थँक्यू.” मी मागे वळून पाहिलं, खोलीत आणखी कोणी आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी पोळीला थँक्यू, तिसऱ्या दिवशी शर्टाचं बटण लावलं त्याला थँक्यू. आमच्याकडे घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर काहीतरी बिनसलंय असं समजतात. पण हा अकरा वर्षं सहा जणांच्या खोलीत राहिलेला. तिथे कोणी मीठ पुढे केलं तरी शुक्रन, म्हणजे अरबीतलं थँक्यू, कोणी बाथरूममधून लवकर बाहेर आलं तरी शुक्रन. दुसऱ्याच्या वाटची जागा अडू नये म्हणून त्याला अंग चोरून वावरायची इतकी सवय झाली होती की स्वतःच्या फ्लॅटमध्येही तो पलंगाच्या कडेला झोपायचा. आणि मीही काही कमी नव्हते. साखरेचा डबा समोर दिसत असूनही मी विचारून घ्यायचे. दोन पाहुणे एकमेकांचा पाहुणचार करत होते आणि यजमानाचा पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट इथे आल्यावर माझ्या लक्षात आली. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. लग्नानंतरची पहिली वर्षं घरात नऊ माणसं होती. सासरे, दीर, जावा, सगळे. त्या गर्दीत आम्ही डोळ्यांनी बोलायचो. पंगतीत तो आमटीच्या वाटीकडे बघून मग माझ्याकडे बघायचा, म्हणजे जेवण झाल्यावर मागच्या पडवीत ये. मी पदर सारखा केला तर येते, भांडी आपटली तर येत नाही. मग आला फोन. व्हिडिओ कॉलमध्ये माणूस पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघतो, कॅमेऱ्यात नाही. तो मला बघतोय हे मला दिसायचं, पण त्याची नजर नेहमी माझ्या हनुवटीवर. माझीही तशीच असणार. अकरा वर्षं आम्ही रोज रात्री अर्धा तास एकमेकांच्या हनुवट्या पाहिल्या.

ग्रासिएला आमच्याच मजल्यावर राहायची. साठीची, उंच, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मूळ गाव ब्युनोस आयरेस. लिफ्टमध्ये तिनं सुहासचा पोर्टचा युनिफॉर्म पाहिला आणि सरळ विचारलं, “तुला लाकडी फळ्या मिळतील?” तिला गच्चीवर शुक्रवारी दुपारी टँगोचा वर्ग घ्यायचा होता. परवानगी मिळाली होती, पण गच्चीचं काँक्रीट खरखरीत, त्यावर पाय सरकेना. सुहासनं पोर्टवर रीतसर विचारून पॅकिंगचे टाकाऊ प्लायवूड मिळवले. त्याचा जुना रूममेट रफीकभाई, राजापूरचा, पिकअप चालवतो. त्यानं ते आणून दिले. पाण्याच्या टाक्या आणि डिश अँटेना यांच्या मधोमध आमची नाचाची फरशी तयार झाली. प्लायवूडवर काळ्या शाईत वर जाणारे बाण होते, छत्रीचं चित्र होतं, फुटक्या पेल्याचं चित्र होतं. ग्रासिएलानं ते पुसू दिलं नाही. तिनं फक्त कडेनं रंगीत वेलबुट्टी काढली. त्यांच्याकडे बसवर आणि दुकानांच्या पाट्यांवर अशी नक्षी काढतात, गोल गोल वळणारी पानं, फुलं, मधे एखादी रिबीन. मला वाटलं आपल्याकडच्या ट्रकच्या मागचा भाग कोणीतरी इथे आणून ठेवलाय.

प्लायवूडच्या बदल्यात तुम्ही दोघांनी शिकायचं, असं तिनं जाहीर केलं. सुहास म्हणाला, “नो प्रॉब्लेम.” त्याच्या या ‘नो प्रॉब्लेम’चा अर्थ ‘काय करू ते मला कळत नाही’ असा असतो.

सुहास ड्यूटीवर गेला की सकाळी ग्रासिएला मला फिरायला न्यायची, शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी. नेहमीचंच अल नस्र. चहाची टपरी, मोबाइलची दुकानं, शिंपी, केस कापणारे. पण ती लाँड्रीच्या कोपऱ्यावर थांबायची आणि म्हणायची, “हे माझं कॅफे. इथे म्हातारे लोक दिवसभर एका कॉफीवर बसतात. वेटर पांढरा कोट घालतो आणि तुमच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही.” आत पाकिस्तानी इस्त्रीवाला भसकन वाफ सोडायचा, आणि मला खरंच कॉफीचा वास यायचा. सिग्नलपाशी आलं की ती हात पसरून सांगायची, हा आमचा फार रुंद रस्ता. एका सिग्नलमध्ये ओलांडून होत नाही, मधेच थांबावं लागतं. “माझं पहिलं चुंबन मी तिथे मधे अडकले असताना घेतलं,” ती एकदा इतक्या मोठ्यानं म्हणाली की मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या नेपाळी माणसाला काही ऐकू आलं नव्हतं, किंवा तो सभ्य होता.

फुटपाथवरच्या धुळकट झाडांना ती जांभळी फुलं आणायची. त्यांच्याकडे नोव्हेंबरात जॅकरांडा फुलतो, रस्तेच्या रस्ते जांभळे होतात, गाड्यांच्या काचा पाकळ्यांनी झाकल्या जातात. आपला हिवाळा तो त्यांचा उन्हाळा. पार्किंगच्या मोकळ्या जागेत तिनं मला एक जुनं नाट्यगृह दाखवलं. आता तिथे पुस्तकांचं दुकान आहे. बाल्कन्यांमधून कपाटं, वर रंगवलेलं छत, आणि रंगमंचावर बसून लोक पुस्तक वाचत कॉफी पितात. ते ऐकून मी वेडीच झाले. त्या पार्किंगमध्ये मी पुढे कितीतरी दुपारी उभी राहिले. कविता डाव्या बाल्कनीत, प्रवासवर्णनं वरच्या मजल्यावर, आणि पानं दुमडणाऱ्यांसाठी विंगेत एक कोपरा, अशी मी ती सगळी पुस्तकं मनात लावून टाकली. पांढऱ्या लँडक्रूझरवाल्यानं हॉर्न वाजवला की बाजूला व्हायचं, तो गेला की पुन्हा पहिल्या रांगेत.

त्या शहराचा इतिहास मात्र तिनं गच्चीवर सांगितला. पहिल्या शुक्रवारी, फळ्या ठोकून झाल्यावर आम्ही चौघं त्यावरच बसलो होतो. ती, मी, सुहास आणि रफीकभाई. तिनं एका छोट्या भोपळ्यात हिरवी पानं कोंबली, गरम पाणी ओतलं आणि धातूची नळी खोचली. हे त्यांचं माते. एकच भोपळा, एकच नळी, एकानं पिऊन संपवलं की ती पुन्हा भरते आणि पुढच्याला देते. माझ्या हातात आलं तेव्हा मी नळीकडे बघत बसले. सासूबाईंच्या राज्यात उष्ट्या पेल्याला स्वयंपाकघराची पायरी चढू दिली जात नसे. सुहासनं मात्र काही मनात न आणता ओढलं, कडू तोंड केलं आणि भोपळा परत देताना म्हणाला, “थँक्यू.” पुढच्या फेरीत ग्रासिएलानं त्याला वगळलं. त्याच्या पुढच्याही फेरीत. बिचारा हात पुढे करून बसलेला.

“आमच्याकडे थँक्यू म्हणजे आता पुरे, मला नको,” ती हसत म्हणाली. “हवं असेल तर गप्प बसायचं.”

“बघा,” मी सुहासला मराठीत म्हणाले, “मी एकटीच नाही.” त्याला काही समजलं नाही. मी नळी तोंडात घातली आणि डोळे मिटून प्यायले. कडुलिंबाच्या पाल्याला उन्हात वाळवून चहा केला तर लागेल तसं लागलं, पण दुसऱ्या फेरीला मी गप्प बसले.

मग तिनं सांगितलं. तिच्या शहरात बोटींमागून बोटी भरून माणसं आली. इटलीहून, स्पेनहून, बहुतेक एकटे पुरुष. दोन वर्षं काम करू आणि परत जाऊ म्हणून आलेले. एकेका खोलीत दहा-दहा जण, मधे लांबट अंगण. बंदरालगतच्या वस्तीतली पत्र्याची घरं त्यांनी जहाजांच्या उरलेल्या रंगानं रंगवली. एक भिंत निळी करता करता रंग संपला की पुढची पिवळी. बायका थोड्या, नाच शिकायचा तर सराव कोणाबरोबर करणार? म्हणून पुरुष पुरुषांबरोबर सराव करत. एखाद्या बाईसमोर उभं राहायची संधी मिळालीच तर पाय चुकायला नको, म्हणून.

रफीकभाई हे सगळं मान हलवत ऐकत होता. “वयनी, आमच्या रूमवर पण सहा जण होतो,” तो म्हणाला. “इतकी वर्षं झाली, कोण नाचला नाय. भांडी कोण घासणार यावरनं भांडलो फक्त.” सुहास हसला, आणि हसता हसता थांबला. उरलेल्या रंगाची घरं त्याला फार आवडली असावीत. उतरताना जिन्यात तो म्हणाला, “जहाजाचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. खारं पाणी सोसायचं असतं ना त्याला.”

ग्रासिएलाचे आजोबाही त्यातलेच. स्पेनमधल्या खेड्यात बायकोला ठेवून आलेले. बारा वर्षांनी बायको बोटीनं आली. आजोबा बंदरावर घ्यायला गेले आणि शेजारच्याच बाईची बॅग उचलून चालायला लागले.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, आजी मरेपर्यंत त्यांना ते ऐकवत राहिली.” ती खळखळून हसली. मला हसू आलं नाही. मी दोह्याच्या विमानतळावर उतरले तेव्हा सुहासनं मला लगेच ओळखलं होतं, पण माझ्या हातातली बॅग घ्यायला पुढे आला नव्हता. घ्यावी की नाही, हे त्याला ठरवता आलं नव्हतं.

जानेवारीत आमच्या ओट्यावर करंज्या झाल्या. म्हणजे तिच्या एम्पानाडा. त्यांत बीफ असतं, माझ्यासाठी तिनं मक्याचं सारण केलं, दाटसर, वर चीज. कणकेची पारी लाटली, सारण भरलं आणि कडेला मुरड घालायला तिनं सुरुवात केली तेव्हा माझे हात आपोआप पुढे गेले. आमच्याकडे मुरड जमली म्हणजे सून पास. तिनं माझी मुरड बोटानं चाचपून पाहिली, म्हणाली, “हे हात तर आमचे आहेत.” त्यांच्याकडे दर सारणाची मुरड वेगळी. वरून बघून कळतं आत काय आहे. चिकनची वेगळी, मक्याची वेगळी, कांदा-चीजची वेगळी. मला ही सोय फारच पसंत पडली. माणसांना अशी काही मुरड असती तर किती बरं झालं असतं, असं मी म्हणाले. समोर टेबलावर बसून सुहास गरम गरम खात होता. त्यानं खाली बघूनच विचारलं, “माझ्यात काय असेल असं वाटतं?” मी म्हणाले, “झाकण उघडल्याशिवाय कसं कळणार?” मग तो थँक्यू म्हणून उठला.

नाचाचं काय सांगू. टँगो म्हणजे झटके आणि तोंडात गुलाब, असं मला वाटायचं. ग्रासिएलानं दोन शुक्रवार आम्हाला फक्त चालायला लावलं. समोरासमोर उभं राहून, मिठीत घेऊन, पुरुष पुढे आणि बाई उलट्या पावलांनी मागे. बस, एवढंच. बाईसाठी अट एकच, त्यानं सांगायच्या आधी हलायचं नाही. बावीस वर्षांत सुहासला आणि मला चारचौघांत असं जवळ उभं राहायची वेळ आली नव्हती. गच्चीवर उन्हं कलती, गार वारा सुटलेला, आणि मी अँटेनाकडे बघत लाजत होते. वय पंचेचाळीस.

त्याची अडचण वेगळी होती. तो खाली बघायचा. “वर बघ!” ग्रासिएला ओरडायची. “पायात काय आहे?” पायात काही नव्हतं. क्रेनच्या केबिनला तळाशी काच असते. चाळीस मीटर उंचावर बसून हा माणूस आठ-आठ तास स्वतःच्या दोन गुडघ्यांच्या मधून खाली बघतो, तिथे कंटेनर लटकत असतो. अकरा वर्षांत त्याची मान तशीच वळली. माझ्याबरोबर चालतानाही तो माझ्याकडे न बघता माझ्या पावलांजवळ कुठेतरी एखादा कंटेनर उतरवत असायचा.

मग एका शुक्रवारी, मी अडखळले आणि तोल गेला, तेव्हा त्यानं मला ओढून सरळ केलं नाही. मी जिकडे झुकले तिकडे तोही जरासा सरकला आणि थांबला. मी आपोआप सावरले. ग्रासिएलानं टाळ्या वाजवल्या, हे कुठे शिकलास म्हणून विचारलं. तो म्हणाला, “लोड झुलायला लागला की ओढायचा नसतो, मॅडम. ओढला की जास्त झुलतो. तो जाईल तिकडे आपण त्याच्या डोक्यावर जायचं, मग तो शांत होतो.”

“मी लोड आहे का?” मी म्हणाले.

“चाळीस टनांपर्यंत घेतो मी,” सुहास म्हणाला. त्या हिवाळ्यात त्यानं केलेला हा पहिला विनोद. मी त्याच्या खांद्यावर चापट मारली आणि त्यानं त्याबद्दल थँक्यू म्हटलं नाही.

असे ते दिवस सरत होते. एखाद्या सुट्टीला तो मला उम्म सलाल मोहम्मदला न्यायचा, तिकडच्या शेतातली ताजी मेथी-कोथिंबीर मिळायची. तो जुडी हातात घेऊन दोन पावलं पुढे चालायचा, मी मागे. मेथी निवडताना मी दर वेळी मनात म्हणायचे, आज विचारेल. इथेच राहतेस का, असं विचारेल. त्यानं विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते मला ठाऊक नव्हतं, पण त्यानं विचारायला हवं होतं. तो विचारत नव्हता. आणि मी आपणहून राहते म्हणायला तयार नव्हते, कारण त्याला एकट्यानं राहायची सवय झाली असेल आणि तो ‘नो प्रॉब्लेम’ म्हणेल, ही भीती. फेब्रुवारी लागला. मुलगी फोनवर विचारायची, “ठरलं?” मी म्हणायचे, “हवा छान आहे इथली.”

परत जायच्या आधीचा शुक्रवार. ग्रासिएलानं छोटा मिलोंगा ठेवला होता, म्हणजे नाचाची सभा, वर्ग नव्हे. चौदा-पंधरा जण. एका बाजूला खुर्च्यांवर बायका, पलीकडे पाण्याच्या टाक्यांजवळ पुरुष. तिच्या शहरात चालतो तो नियम तिनं सांगितला. नाचायला बोलवायचं ते डोळ्यांनी. हात पुढे करायचा नाही, तोंडानं विचारायचं नाही, जवळ जायचं नाही. दुरून बघायचं. तिनं बघितलं आणि मान हलवली तर जायचं. तिनं नजर फिरवली तर कोणाला काही कळत नाही, कोणाचा पाणउतारा होत नाही. एकदा जोडी झाली की सलग चार गाणी. मधेच थँक्यू म्हटलं, तर माझं तुझ्याबरोबर झालं, असा अर्थ.

पहिल्या चार गाण्यांसाठी आमची जोडी नियम सांगायच्या आधीच ठरली होती. पहिलं गाणं सुरेख झालं. त्यानं खाली बघितलं नाही. माझे डोळे मिटलेले, पाठीवर त्याचा हात, पायाखाली प्लायवूड गुळगुळीत. मला ते जांभळे रस्ते दिसत होते. गाणं संपलं. सुहास मिठी सोडून एक पाऊल मागे झाला आणि म्हणाला, “थँक्यू.”

ग्रासिएलानं कपाळावर हात मारला. बाकीच्यांनी पाहिलं. मी खुर्चीवर जाऊन बसले. राग नियमाचा नव्हता. तो इतक्या दिवसांच्या चहाचा, पोळ्यांचा, बटणांचा होता.

तो टाक्यांजवळ जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. मी अँटेनाकडे बघितलं. उरलेली तीन गाणी झाली, पुढची चारही झाली, तो तसाच उभा. “तो बघतोय,” ग्रासिएला माझ्या कानाशी म्हणाली. “बघू दे,” मी म्हणाले. पुन्हा गाणी लागली आणि मी पाहिलं.

पंगतीतला तो तरुण डोळा मला तिथे सापडेल असं वाटलं होतं. तो नव्हता. हा पन्नाशीला आलेला माणूस होता, कानशिलं पांढरी झालेला, आणि तो घाबरलेला होता. माझ्या हनुवटीकडे नाही, थेट माझ्या डोळ्यांत बघत घाबरलेला होता. चाळीस मीटर उंचावर ज्याचा हात हलत नाही, तो मला घाबरतोय, हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. मी मान हलवली.

दुसरं गाणं संपल्यावर तिसरं सुरू व्हायच्या आधी जोड्या क्षणभर तशाच उभ्या राहतात. तेवढ्यात तो म्हणाला, “मी घरी आलो तर चालेल का?”

मला वाटलं, खाली फ्लॅटवर जायचं म्हणतोय. “आत्ता? बरं वाटत नाहीये का?”

“गावी. कायमचा. करार संपला की.” त्यानं नजर हलवली नाही. “तुझं वाचनालय सोड असं मी म्हणणार नाही. पण तिथे आता माझी सोय आहे का, ते मला माहीत नाही. तुला चालणार असेल तर.”

गाणं सुरू झालं. मी उलट्या पावलांनी मागे जात राहिले. राहतेस का, या प्रश्नाची मी तीन महिने वाट पाहिली होती, आणि त्यानं भलतंच विचारलं होतं. घरातलं त्याचं कपाट मी कधीच जुन्या अंकांनी भरून टाकलं होतं. संध्याकाळचा एकटीचा चहा, आज काय केलंस असं न विचारणारी शांतता, पलंगावर आडवं पसरून पडणं, हे सगळं मला आवडायला लागलं होतं. तो पाहुण्यासारखा वागतो म्हणून मी चिडत होते, आणि पाहुणा होऊन तो दारात उभा राहिला होता. मला रडू आलं. त्याच्या शर्टाला डोळे टेकवले.

गाणं संपल्यावर मी म्हणाले, “आपल्याच घरी यायला विचारतं का कोणी?”

“अकरा वर्षांनी विचारावं लागतं,” सुहास म्हणाला.

करार संपायला दोन वर्षं होती, ती आता संपली. या महिन्यात त्याच्या शेवटच्या शिफ्ट चालू आहेत आणि मी सामान बांधायला आले आहे. ग्रासिएला तिच्या चांगल्या हवेच्या गावी परत गेली. सुहासला अजून वाटतं की मी त्या दिवशी लगेच हो म्हणाले, मधे गाणं आलं म्हणून फक्त थांबले. ते खरं नाही. त्या तीन मिनिटांत ‘नको’ हा शब्द माझ्या मनात येऊन गेला होता, एकदा नाही, दोनदा. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही, सांगणार आहे. आमचं लग्न थोरल्यांनी ठरवलं होतं, मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी त्यानं विचारलं, मी गाणं संपेपर्यंत विचार केला, आणि या म्हणाले.